शनीच्या देवळातले दोघे

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडे येऊन सात महिने झाले होते. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण गावच्या भैरोबाच्या दानपेटीची चावी एकोणीस वर्षं माझ्याकडे होती, हे आधी सांगतो.

पेटीला दोन कुलपं. रीत अशी, की चाव्या ज्यांचं आपसात पटत नाही अशा दोघांकडे ठेवायच्या, म्हणजे संगनमत होत नाही. दुसरी माझ्या बांधाच्या शेजाऱ्याकडे. बोलणं बंद, पण जत्रेआधी दोघं शेजारी बसून कुलपं काढायचो.

निघताना पंचांनी चावी मागितली. तेवढ्यात कानावर आलं, शेजारी म्हणतोय, म्हाताऱ्याला आता विमान दिसतंय, चावी कशाला? झालं. मी ती करगोट्याला बांधून अमेरिकेला आणली. आता जत्रा महिन्यावर आली होती. गावाकडून फोन आला, चावी पाठवा, नाहीतर कुलूप तोडतो. देवाच्या पेटीवर घण कधी पडला नव्हता. मुलगा रोज म्हणे, बाबा, कुरिअर करू. मी म्हणे, शेजाऱ्यानं स्वतः मागावी.

एका दुपारी नात शाळेतून आली. तिथं ती लॅटिन शिकते. त्या पोरांनी जुन्या रोममधलं एक पद आपल्या क्लबात पुन्हा सुरू केलंय, क्वेस्टर, म्हणजे खजिना सांभाळणारा. ती सांगत होती, रोममध्ये सरकारी खजिना शनीच्या देवळात असायचा आणि सुरुवातीला क्वेस्टर दोनच असायचे, वर्षभरासाठी. शनीच्या देवळात म्हटल्यावर मी सावरून बसलो. तिचंही वर्ष संपलं होतं, सगळं नव्या पोराच्या हवाली करून आली होती.

मी विचारलं, "आणि नाही दिलं तर?"

"आजोबा, द्यावंच लागतं. इट्स नॉट युवर्स. तुम्ही फक्त सांभाळता."

ती खायला आत गेली. मी मागच्या हिरवळीवर खुर्चीत पडलो. ऊन मऊ होतं, डोळा लागत होता आणि लागत नव्हता. दगडी पायऱ्या उतरत मी खाली गेलो. खाली गार अंधार, तेलाचा वास, पांढरी वस्त्रं पांघरलेली माणसं. कुणी बोलत नव्हतं. मोठ्या दाराशी माझा तो बांधाचा शेजारी मांडी घालून बसला होता, चावी हातात, बाजूला माझ्यापुरती जागा सोडून. किती वेळ बसला होता कोण जाणे. मी कमरेला हात घातला आणि जागा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावाकडे संध्याकाळ असताना, मुलाला शेजाऱ्याचा फोन लावायला सांगितलं. त्यानं उचलला.

मी म्हणालो, "चावी आज निघतीय. तुझं ज्याच्याशी पटत नाही असा दुसरा कुणी बघ."

तो म्हणाला, "तुझ्याइतकं वाकडं गावात कुणाशी नाही रे माझं."

मी फोन मुलाकडे दिला, करगोट्याची गाठ सोडली आणि कुरिअरला जायला गाडीत जाऊन बसलो.