बारा दिवसांची पॉलिसी

'ती घटना आजही आठवते' अशी सुरुवात करायचा आम्हा पोलिसांचा रिवाज आहे. माझी अडचण अशी, की ही घटना मला आठवावीच लागत नाही. खारघरच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर ती फ्रेम करून टांगलेली आहे.

निवृत्त झालो तेव्हा मुलीने आणि जावयाने मला कॅमेरा भेट दिला. खाडीवर फ्लेमिंगो टिपायला सोबत लांबलचक लेन्सही. जेवताना जावई म्हणाला, "बाबा, याचा इन्शुरन्स काढून टाका."

मी छाती पुढे काढली. (पोट आधीच पुढे होतं.) "अरे, उभा जन्म पोलिसात गेला. माझा कॅमेरा कोण चोरणार?"

सौ. आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी तशीच हवेत धरली आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. तेव्हा हे लिहायला बसलो.

त्या वेळी मी वाशीच्या बाजूला एका ठाण्यात निरीक्षक होतो. डबा उघडला की तक्रारदार येतो, हा ठाण्याचा अलिखित नियम. त्या दुपारी डब्यात भरलं वांगं होतं आणि दारात एक बाई. वय पस्तिशीच्या आत, लग्नाचे फोटो काढायचा व्यवसाय. जासईला एका मोठ्या लग्नाचे फोटो काढून आली होती. हळदीच्या रात्री तिलाही माखलं असावं, कारण नखं अजून पिवळी होती.

तक्रार सरळ होती. वाशीत एका अल्बमवाल्याच्या दुकानात ती कव्हर निवडायला गेली. गाडी इमारतीखाली लावली. अर्ध्या तासाने खाली आली तर मागच्या सीटवरची बॅग गायब. दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि जासईच्या लग्नाची सगळी मेमरी कार्डं असलेला छोटा पाऊच.

"काच फोडली?"

"नाही साहेब."

"गाडी लॉक केली होती?"

"केली होती. परत आले तेव्हाही लॉकच होती."

"म्हणजे चोराने बॅग काढून गाडी पुन्हा लॉक केली. फारच संस्कारी चोर."

ती हसली नाही. मी गुन्हा नोंदवून घेतला, एका शिपायाला आसपासचे सीसीटीव्ही बघायला पिटाळलं. इमारतीचा कॅमेरा अर्थातच बंद होता. तो नेमका चोरीच्या दिवशीच बंद असतो. जाताना बाईने एफआयआरची प्रत मागितली, विमा कंपनीला द्यायला.

"पॉलिसी कधीची?"

"बारा दिवस झाले."

माझं पेन थांबलं. आग लागायच्या आठवडाभर आधी गोदामाचा विमा उतरवणारे शेठ मी नोकरीत पाहिले होते. बारा दिवसांची पॉलिसी, न फुटलेली काच. मला वाटलं, केस सुटली. वांगं गार व्हायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर टीपच आली. ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. ठाणे अंमलदाराने नंबरासकट डायरीत नोंद केली आणि मजकूर माझ्यासमोर ठेवला : 'ती फोटोवाली बाई बंडल मारतेय. पॉलिसी आत्ताच काढलीय. बॅग तिच्या घरातच मिळेल.' नाव न सांगता फोन ठेवला.

खबऱ्याशिवाय, चहापाण्याशिवाय आलेली टीप! मी खूश होऊन सगळ्या स्टाफसाठी कटिंग चहा मागवला.

बाईला चौकशीला बोलावलं. समोर महिला शिपाई बसवली. नवीन होती, बोलायची कमी, लिहायची भराभर. मी माझा खास आवाज काढला. घरी हा आवाज चालत नाही.

"दीड वर्ष हे कॅमेरे तुमच्याकडे आहेत. तेव्हा विमा सुचला नाही. काढला, आणि बाराव्या दिवशी चोरी. योगायोग?"

"साहेब, हेल्मेट घेतलं आणि त्याच आठवड्यात माणूस गाडीवरून पडला, तर तो मुद्दाम पडला म्हणाल का?"

"प्रश्न मी विचारतो."

"मग सांगते. दीड वर्ष आमच्या घरात हेच चाललं होतं. मिस्टर म्हणायचे, आपण जपून वापरतो, कशाला खर्च? मला रात्री झोप लागायची नाही. शेवटी सासूबाईंनी ठरवलं. त्या मराठवाड्यातल्या. म्हणाल्या, 'बैल पळतो म्हणून दावं नसतं बांधत बाई. बैल आपला हाय म्हणून बांधायचं.' दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला."

उत्तर चांगलं होतं. पण पोलिसाला चांगल्या उत्तराचा जास्तच संशय येतो. मी तिच्या घराच्या झडतीचं बोलू लागलो, तेवढ्यात दारात जासईचे एक गृहस्थ उभे राहिले. नवऱ्या मुलाचे वडील. गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात टोपी.

"सायेब, कॅमेरा काय, नवीन येल. माझे आयचा नाच नवीन कसा येल? नव्वद वर्सांची म्हातारी हाय. नातवाचे हलदीला नाचली. आता परत कवा नाचल?"

बाईने मान खाली घातली. तोवर ती रडली नव्हती. "काका, पॉलिसी कॅमेऱ्याची आहे. लग्नाची पॉलिसी कुणी देत नाही. कॉपी घरी जाऊन करणार होते मी. चूक माझीच."

दोघांना बाहेर बसवलं. महिला शिपाई वही मिटून म्हणाली, "सर, एक बोलू?"

"बोल."

"पैशासाठी कॅमेरे लपवले असतील. पण कार्डं कशाला लपवेल? ती आधी काढून ठेवली असती ना? कार्डं गेली म्हणजे जासईत तिचं नावच गेलं. पुढची चार लग्नं गेली."

मी चहाचा घोट घेतला. गार झाला होता.

"आणि सर, फोनवाल्याला पॉलिसी नवीन आहे हे कसं कळलं?"

आता प्रामाणिकपणे लिहितो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी शेकडो शिपायांना विचारला होता. त्या दिवशी तो मला विचारला गेला. टीप मिळाल्याच्या आनंदात ती देणाऱ्याकडे बघायचंच राहिलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तेच सांगणार होतो."

"हो सर," ती म्हणाली. पोरगी फार पुढे जाणार, हे मला तेव्हाच कळलं.

डायरीतल्या नंबरावर फोन लावला. तो निघाला त्याच इमारतीच्या वॉचमनचा. "साब, मी नाय केला. वरच्या अल्बमवाल्या शेठने मागितला होता. बोलला, माझी बॅटरी संपली."

बाईला पुन्हा आत घेतलं. या वेळी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "दुकानात होतात तेव्हा गाडीची किल्ली कुठे होती?"

ती आठवू लागली. "काउंटरवर. मी आतल्या खोलीत कव्हरं बघत होते. शेठ म्हणाले, तुम्ही निवांत बघा, मी चहा सांगून येतो." ती थांबली. "साहेब, चहा आलाच नाही."

"आणि पॉलिसीचे कागद?"

"त्यांच्याच दुकानात प्रिंट केले होते."

तासाभरात दोन पंच आणि बाईला घेऊन आम्ही दुकानात पोहोचलो. जासईचे गृहस्थही मागोमाग आलेच. माळ्यावर, अल्बमच्या रिकाम्या खोक्यांमागे दोन्ही कॅमेरे आणि तिन्ही लेन्स मिळाल्या. शेठ डगमगला नाही. "हे माझे आहेत साहेब. सेकंडहँड घेतले. तिचं नाव लिहिलंय का कुठे?" खरंच नव्हतं. कॅमेऱ्यांच्या बुडाशी सिरीयल नंबरचं लेबल असतं, ते खरवडून काढलं होतं. मी कॅमेरा उलटा-सुलटा करत राहिलो.

बाई पुढे आली. "साहेब, एक फोटो काढू?"

"आत्ता? कुणाचा?"

"तुमचाच." तिने स्वतःचं कोरं कार्ड पंचांना दाखवून कॅमेऱ्यात घातलं. मी "अहो, हे काय..." म्हणेपर्यंत क्लिक झालं. मग ते कार्ड तिने शेठच्याच कॉम्प्युटरला लावलं आणि फोटोची माहिती उघडली. कॅमेरा आपला नंबर प्रत्येक फोटोच्या आत स्वतःच लिहून ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिने पर्समधून पॉलिसीचा कागद काढून शेजारी धरला. महिला शिपायाने एकेक आकडा मोठ्याने वाचला, पंचांनी कागदावर बोट ठेवून ताडून पाहिला. शेवटचा आकडाही जुळला.

शेठ स्टुलावर बसला. "साहेब, तिला कंपनी पैसे देणारच होती. कुणाचं नुकसान होतं?"

"मग फोन कशाला केलास?"

"तुमचा माणूस सीसीटीव्ही विचारत आला. घाबरलो."

चोरीनंतर गप्प बसणारा चोर पकडायला जड जातो. पण स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही, आणि त्यावरच पोलिसांचं बरंचसं काम भागतं.

"कार्डं कुठे आहेत?" बाईने विचारलं.

त्याने खालचा ड्रॉवर उघडला. पाऊच जसाच्या तसा. "फॉरमॅट करणार होतो. हात धजेना. जन्मभर लग्नाचेच अल्बम बांधतोय, ताई."

पंचांसमोर कार्डं लावून पाहिली. पडद्यावर पिवळीधमक म्हातारी, दोन्ही हात वर, तोंडात दात नाहीत आणि हसू मावत नाही. दारातून जासईचे गृहस्थ ओरडले, "तीच! तीच माझी आय!" आणि आमच्या शिपायाला त्यांनी अशी मिठी मारली, की त्याची टोपी खाली पडली.

न्यायालयातून कॅमेरे आणि कार्डं सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत हमीवर, सोडवायला मी स्वतः धावपळ केली. पापक्षालन म्हणा. पुढचं लग्न तिने तिच्याच कॅमेऱ्यांनी काढलं. विम्याचा दावा मागे घेतला, पॉलिसी मात्र चालू ठेवली. आणि आता मंगल कार्यालयातून निघण्याआधीच कार्डांची दुसरी कॉपी नवऱ्याच्या खिशात जाते.

त्या केसने मला शिकवलं ते थोडक्यात लिहितो. टीप आली की आधी ती देणाऱ्याचं तोंड बघावं. विमा काढणारा माणूस बहुतेक वेळा फक्त काळजी करणारा असतो, आणि काळजीला कुठलंही कलम लागत नाही. त्या बाईला विम्याचा एक रुपयाही घ्यावा लागला नाही. पण तो फॉर्म भरताना नंबर उतरवून ठेवले नसते, तर कॅमेरे समोर असूनही ते तिचे ठरले नसते. सासूबाईंचं दावं असं उपयोगी पडलं.

काल मी जावयाकडून फॉर्म मागवला. चष्मा लावून कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर स्वतः उतरवून काढला. सौ. मागून बघत होत्या. म्हणाल्या, "एक आकडा चुकलाय." खरंच चुकला होता.

राहता राहिली भिंतीवरची फ्रेम. तो त्या दिवशी दुकानात काढलेला फोटो आहे. खटला निकाली लागल्यावर बाईने मोठा करून घरी आणून दिला. त्यात एक निरीक्षक हातात टोपी घेऊन, तोंड उघडं टाकून उभा आहे. पंचनाम्यात फोटोचा नंबर आहे, वेळ आहे, पंचांच्या सह्या आहेत. तोंडाचा उल्लेख नाही. पंचनामा लिहिणाऱ्या त्या महिला शिपायाचे हे माझ्यावरचे उपकार आहेत.