कागद चढवण्याआधी

माझे वडील अर्जनवीस. कंधारच्या तहसीलसमोर लिंबाखाली त्यांचं टेबल आहे आणि त्या टेबलावर तीस वर्षं मराठी टाइपरायटर होता. वारसनोंद, फेरफार, बांधावरच्या रस्त्याची तक्रार, ज्याला जे लिहिता येत नाही ते अण्णा लिहून देतात. मग टाइपरायटर कायमचा बंद पडला. नांदेडचा दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, आता शोभेला ठेवा. हातानं लिहावं तर अण्णांची बोटं थरथरतात. टेबल उचलायची वेळ आली होती, आणि टेबलाशिवाय अण्णा म्हणजे काय ते घरात आम्हाला ठाऊक होतं. दिवाळीच्या सुटीतसुद्धा हा माणूस नुसत्या येरझारा घालून आईला वैताग आणतो.

मी नांदेडला राहून एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. म्हटलं, घरचीच इंजिनिअर असताना काळजी कसली? माझा जुना लॅपटॉप अण्णांना द्यायचा आणि त्यावर अर्ज लिहायचं सॉफ्टवेअर मीच करायचं.

मग सुरू झाला प्रोग्रामिंगच्या भाषेचा घोळ. लातूरच्या क्लासेसपासूनची माझी एक मैत्रीण आहे, तीही याच धंद्यातली. तिच्याशी आठवडाभर फोनवर भांडले. ती म्हणे पायथन घे, लवकर होईल. मी म्हणे जावास्क्रिप्ट. वेबसाइटवाली भाषा, वरून डेस्कटॉपचं वेष्टन चढवलं की काम झालं, आणि दिसायला देखणं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "अण्णांना तरी विचार ना, त्यांना काय पाहिजे." मी म्हटलं, "त्यांना यातलं काय कळतंय?" हे मी बोलले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

देखणं झालं खरं. नावाचा रकाना, गावाचा, गट नंबरचा, तक्रारीचा. रकाने भरा, बटण दाबा, अर्ज तयार. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "लई छान केलीस माय." मी फुगून नांदेडला परत आले.

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी न सांगता गेले. लॅपटॉपवर पंचा टाकलेला, पंचावर पानाचा डबा. अण्णा हातानं लिहून राहिले होते. ओळ संपायच्या आत दोनदा थांबत होते, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरत होते. समोरची बाई थोडा वेळ थांबली, मग पलीकडच्या टेबलाकडं गेली. अण्णांनी तिला जाताना बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. माझं नेहमीचंच, वाईट वाटलं की त्याचा राग होतो.

"चालत नव्हतं तर सांगायचं न्हाई का, अण्णा?"

"तू इचारलंस कधी?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आधी मी लॅपटॉपवर खापर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं. मग रजा टाकली आणि चार दिवस त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. तेव्हा कळलं की समोरचा माणूस पूर्ण बोलून होईपर्यंत अण्णा पेनाला हात लावत नाहीत. टाइपरायटर होता तेव्हाही आधी कागद चढवत नसत. माणूस चुलत्यापासून सुरू करतो, बांधावर येतो, मध्येच पोरीच्या लग्नाचं सांगतो. अण्णा ऐकतात. सगळं संपलं की एकच प्रश्न, "मग तुमाला पाहिजे काय?" लिहून झालं की अर्ज मोठ्यानं वाचून दाखवतात. समोरचा "हाव", म्हणजे हो, म्हणाला की मगच त्याची सही किंवा अंगठा.

आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव भरल्याशिवाय पुढं सरकताच येत नव्हतं. तुकड्यातुकड्यांचा अर्ज वाचून दाखवायचा कसा? उघडायला एवढा वेळ की माणूस उन्हात ताटकळत उभा. अक्षरंही भलत्याच बटणांवर, आणि अण्णांच्या बोटांना टाइपरायटरच्याच जागा माहीत. कोणती भाषा बरी यावर मी आठवडा घालवला होता, आणि ह्या टेबलावर एक तासही बसले नव्हते.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, तुमाला पाहिजे काय?"

आपलाच प्रश्न ऐकून ते हसले. "यंत्र चालू कर आधी. मग लिहून देतो."

शेवटी पास्कल भाषा घेतली. कॉलेजात आम्ही म्हातारी म्हणून जिची टिंगल करायचो, तीच. लहानशी एकच फाइल होते आणि जुन्या लॅपटॉपवर लगेच उघडते. रकाने काढून टाकले. पडद्यावर एक कोरा कागद, टाइपरायटरच्या जागीच अक्षरं, वाचायला मोठा टाइप. बास.

लॅपटॉप टेबलावर ठेवला त्या सकाळी गिऱ्हाईक अजून यायचं होतं. अण्णांनी चष्मा पुसला आणि टाइप करायला लागले. बोटं थरथरत होती, पण बटणावर बरोबर पडत होती. झाल्यावर नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं.

"अर्जदार, अर्जनवीस, राहणार कंधार. विषय, टेबल चालू ठेवणेबाबत. वरील विषयी विनंती अर्ज करतो की, अर्जदारास दुसरे काही येत नाही. सबब, हात चालतील तोवर अर्जदारास येथेच बसू द्यावे, ही विनंती."

मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत थांबले, समोरचा "हाव" म्हणेपर्यंत थांबतात तसे. मी "हाव" म्हटलं.