कूलरच्या ‘टक’वर माझा आता भरवसा नाही

मित्रहो, डोकं गरम आहे, म्हणून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातूनच लिहून राहिलो.

आज दुपारी पवनीच्या शोभाताई परत आल्या. त्या घरी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या कॉम्प्युटरचा कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, मीच नवा बसवून दिला होता. त्यांनी अख्खा सीपीयू चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून नेला होता.

“भाऊ, चालू केला की बंद पडून राहिला. तुम्ही तर म्हणाले, पक्का बसवला!”

मी सीपीयू उघडला. कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक वर आलेली, कूलर एका बाजूनं उचललेला. प्रोसेसर तापणार नाही तर काय!

अरे, मी चारही पिना स्वतः दाबल्या होत्या! चारही वेळा टक आवाज आला होता. टक वाजलं म्हणजे पिन बसली, असं कंपनीच सांगते ना? मंग एसटीच्या धक्क्यानं ती निघते कशी? एवढ्या महागाच्या प्रोसेसरवर कूलर धरायले साधे चार स्क्रू काहून नाही देत? कंपनीवाल्यांनो, आमच्या इकडे कॉम्प्युटर मांडीवर बसून प्रवास करते रे!

पिन पुन्हा दाबली. टक.

शोभाताई चादर हातात घेऊन उभ्या होत्या. “आता बसला ना भाऊ पक्का?”

मी चारही पिना पुन्हा एकेक करून ओढून पाहिल्या. माझ्या जागी तुम्ही ‘हो’ म्हटलं असतं का?