सूरच्या खाडीवर मायनरमध्ये वाजलेलं गाणं

अमावस्येला प्रवास करणारी आणि शनिवारी तेल विकत आणणारी बाई आहे मी. त्यामुळे 'मनाचे खेळ असतात हो' हे मला सांगू नका... आजवर ते मीच इतरांना सांगत आलेय.

आम्ही ओमानमध्ये, मस्कतच्या वादी अदाई भागात राहतो. नवरा सचिन रुसैलच्या एका फॅक्टरीत क्वालिटी बघतो. मुलगी ईरा बारा वर्षांची, नोरा मॅडमकडे व्हायोलिन शिकायची. मॅडम आयरिश, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी तिला त्यांच्याकडचं एक लोकगीत शिकवलं होतं – कोळ्यांच्या बोटी परत आल्या की नाचायचं. डी मेजर, आणि टेम्पो असा की ऐकताना पाय आपोआप ताल धरायचा.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही सूर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेलो होतो. दुपारची वेळ. लाकडी बोटी बांधतात तिथे, खाडीच्या काठावर उभे होतो. मी ईराला म्हटलं, "वाजव ना, आजीला व्हिडिओ पाठवू."

तिने व्हायोलिन खांद्याला लावलं, आणि भलतंच सुरू झालं. गाणं तेच, पण संथ. एकेका सुरावर बो, म्हणजे गज, लांबच लांब ओढलेला. मी लहानपणी पेटी शिकलेय, कान तेवढा तयार आहे – शुद्ध गंधाराच्या जागी कोमल लागत होता. आनंदी मेजरचं उदास मायनर झालं होतं, पट्टीही खाली उतरली होती. नाचायचं गाणं, पण कुणीतरी किनाऱ्यावर वाट बघून थकल्यासारखं...

ईरा थांबली. "छान झालं ना?"

"अगं, इतकं स्लो का वाजवलंस?"

"स्लो? मी फास्टच वाजवलं, आई. नेहमीसारखं."

सचिन म्हणाला, "उन्हाने तारा उतरल्या असतील." तारा उतरल्या की टेम्पो उतरतो का? शिवाय मी तिथेच ट्यूनर लावून पाहिलं. तारा सुरात होत्या. आणि व्हिडिओतही सगळं संथच. ईराने तो तीनदा लावून बघितला.

पुढच्या क्लासला मी तो व्हिडिओ मॅडमना दाखवला. वाटलं, त्या काहीतरी सांगतील. त्यांचा चेहरा उतरला.

"हे हिला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी मेजरमध्ये शिकवलंय, मुलांना नाचता यावं म्हणून. असं फक्त माझी आई गायची. माझा भाऊ बोटीसकट बुडाला, त्यानंतर. याच पट्टीत, याच चालीवर." मग म्हणाल्या, "आई आता नाही, पण तिचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. ईराने माझा फोन घेतला होता का?"

माझ्या मुलीला चोर ठरवलं, तेही तिच्यासमोर.

"तुमच्या फोनला लॉक नाही का?"

"आहे."

"ईराला पासवर्ड माहीत आहे?"

त्या ईराकडे वळून म्हणाल्या, "तसं पुन्हा वाजव." बिचारीने प्रयत्न केला. पहिल्या ओळीतच अडखळली, परत केलं, परत तेच. येत होतं ते फक्त मेजर, जलद, नाचायचं. शेवटी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून नको यायला."

ईराने व्हायोलिन कपाटात ठेवलंय. सचिन अजून तारांवरच अडून बसलाय. एक मैत्रीण म्हणते, मुलं यूट्यूबवर कुठूनतरी उचलतात. असेल... पण मग ईराला स्वतःला ते ऐकू का आलं नाही?

लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली. राग आला, अजून येतो. मॅडमच्या आईचं पोर समुद्रात गेलं, ते दुःख मोठंच, मान्य आहे मला. पण माझ्या पोरीची बोटं वापरायच्या आधी त्या बाईने तिला एकदा विचारायचं तरी.