सलिलला चढवलेला कोट

सलिल पानसे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि तो शिक्षक आहे हे बाहेरच्यांना पटवून द्यावं लागायचं. नव्या शिपायाने तर त्याला फाटकावरच अडवलं होतं. दाढी अशी, की ठेवायची की काढायची याचा निर्णय कुठल्यातरी समितीकडे पडून असावा. शर्टाची एक बाजू पँटच्या आत, दुसरी बाहेर. हवेचा दाब शिकवताना पाण्याने भरलेल्या पेल्याला पुठ्ठा लावून तो उलटा धरायचा. एकदा हा प्रयोग त्याने मुख्याध्यापक दिगंबररावांच्या टकलावर केला. हवेचा दाब सिद्ध झाला आणि दिगंबररावांचा रक्तदाबही. पोरं मात्र त्याच्या तासाला दांडी मारायची नाहीत. उलट दुसऱ्या वर्गातली येऊन बसायची.

आई सरोजिनीबाई रोज कळवळायच्या, "अरे, निदान इस्त्री तरी कर. लोक म्हणतील, आईने टाकलंय."

"खरंच आहे की. तू टाकलंस, वल्लरीने उचललं."

आतून त्याची बायको वल्लरी म्हणायची, "पावती हरवली हो आई. नाहीतर परत केला असता."

या घरातली चौथी व्यक्ती म्हणजे चार वर्षांची तनया. तिचा पत्ता मात्र घर नव्हता, बापाची मान होता. शाळा सुटली की सलिल तिला मानेवर घेऊन मंडईत जायचा. तिने त्याच्या दोन्ही कानांचा लगाम केला होता. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की ब्रेक. "मास्तर," भाजीवाली म्हणायची, "गिऱ्हाईक वर बसलंय, तुम्ही नुसतं वाहन. बोला बाई, काय देऊ?" बाई वरून गाजरं मागायच्या.

गेल्या वर्षी ऑगस्टात त्याला डेंग्यू झाला. एका सोमवारी वर्गात हसत होता, पुढच्या सोमवारी आम्ही वैकुंठ स्मशानभूमीत उभे होतो. चौतीस वर्षांचा माणूस.

आमच्या सभागृहात दिवंगत शिक्षकांच्या तसबिरी आहेत. सगळे कोटात. यातल्या बहुतेकांनी हयातीत कोट शिवलाच नव्हता; बुधवार पेठेतला एक स्टुडिओवाला तो मागाहून चढवतो. काळा कोट, तांबडा टाय, सगळ्यांना एकच. शिक्षकांना गणवेश लागू झाला तो असा, मेल्यावर.

सलिलची तसबीर करायची ठरली आणि अडचण उभी राहिली. त्याचा एकट्याचा फोटोच सापडेना. लग्नानंतरची दोनेक वर्षं त्याने फक्त बायकोचे फोटो काढले होते, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तनया त्याला चिकटलेली. शेवटी मंडईबाहेरचा एक निवडला. पोरगी मानेवर, पाय त्याच्या छातीवर लोंबतायत, हातात कान, आणि हा सगळे दात दाखवून हसतोय. तो घेऊन दिगंबरराव आणि मी स्टुडिओत गेलो.

"मुलगी काढावी लागेल," स्टुडिओवाला म्हणाला.

"आणि तिचे पाय?" मी विचारलं.

"पायांचं टेन्शन नाही सर. कोटात झाकून जातात. दाढीही उडवतो."

"ते हसणंही जरा आवरा," दिगंबरराव म्हणाले. "तसबीर आहे."

त्याने सलिलचं तोंड मिटलं. कान सरळ केले. भांग पाडला. तयार झाला तो कुठल्याशा सहकारी बँकेचा शाखाधिकारी, कर्ज नाकारण्याच्या बेतात असलेला.

"अहो, हा सलिल नाही," मी म्हटलं.

"दिवंगत माणूस थोडा वेगळा दिसणारच," दिगंबरराव म्हणाले.

शोकसभेत भाषणं झाली. ज्यांनी त्याच्या चपलांवरून त्याला आयुष्यभर सुनावलं, ते त्याच्या साधेपणावर बोलले. मग तनयाला फूल वाहायला पुढे आणलं. तिने तसबिरीकडे नीट पाहिलं आणि वळून मोठ्यांदा आईला विचारलं, "हे काका कोण?"

"बाबा आहेत, बाळा," दिगंबरराव म्हणाले.

"नाही. बाबा टोचतो."

आणि फूल मुठीत तसंच धरून ती आईकडे परत गेली. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काही कळत नाही हो लेकराला." सबंध सभागृहात तेवढ्या एकीलाच कळत होतं.

वल्लरी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. "सर, मूळ फोटो लावा. तनयासकट. नाहीतर ती त्याला विसरेल हो."

"वल्लरीताई, भावना समजतात," दिगंबरराव म्हणाले. "पण त्या भिंतीवर हार घातला जातो. जित्या पोरीच्या गळ्यात तो घालायचा का? विचारा बरं सासूबाईंना."

सासूबाईंना विचारायची सोयच नव्हती. नातीला हार, या नुसत्या कल्पनेनेच त्या थरथरल्या असत्या. शिवाय कोटातल्या सलिलची एक प्रत त्यांनी आधीच घरी नेऊन बाहेरच्या खोलीत लावली होती. "एकदाचं इस्त्रीचं काहीतरी आहे रे तुझ्या अंगात," म्हणून त्या तसबिरीखाली बसून रडल्या. त्या माउलीच्या हातून तो कोट काढून कसा घेणार? ज्या फोटोत पोरीचा बाप होता, त्या प्रत्येक फोटोत पोरगीही होती. म्हणून त्यातला एकही भिंतीवर चढू शकला नाही. ते सगळे वल्लरीच्या फोनमध्ये राहिले, आणि वल्लरी दिवसभर कामावर.

परवा वर्षश्राद्धाला गेलो. तनया आता पाच वर्षांची आहे. तिने टाचा उंचावून तसबिरीला फूल वाहिलं, हात जोडले, डोळेही मिटले. नातेवाईक म्हणाले, "किती शहाणी झालीय!" सरोजिनीबाईंनी तिला जवळ घेतलं. वल्लरीने तिला आत बोलावलं आणि फोन तिच्यापुढे धरला. मंडईबाहेरचा फोटो.

"तनू, बघ. बाबा तुला असं मानेवर घ्यायचा. आठवतं?"

तनयाने पाहुण्यांचा अल्बम बघावा तसा तो पाहिला.

"हे नाहीत बाबा," ती आईची समजूत घालत म्हणाली. "बाबा कसे घेतील मानेवर? कोट मळेल ना त्यांचा."