परत आलेली झाडं

बोटकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी बाल्कनीतल्या कुंडीत बोट घालत. उजव्या हाताची तर्जनी, दुसऱ्या पेरापर्यंत. मग ते बोट डोळ्यांसमोर धरून बघत आणि त्यानंतर कुठे "केम छो, मजेत?" विचारत. यजमानाने पुढे केलेला पाण्याचा पेला त्याच मातकट हाताने घेत. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीतल्या मुलांनी त्यांचं नाव बोटकाका ठेवलं, ते मोठ्यांनीही उचललं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते हे ते दर दोन महिन्यांनी एकदा सांगत आणि मग स्वतःच म्हणत, "तलवार गेली, झारी आली."

माझी त्यांची नीट ओळख झाली तेव्हा मी शाळेतून बिनपगारी रजेवर होते. का, ते सांगायला माझ्याकडे चांगलं कारण नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, नवरा बरा होता, नोकरी बरी होती. एका सकाळी वर्गात हजेरी घेताना नावं वाचता येईनात, आणि पुढचे चार महिने मी बाल्कनीतल्या खुर्चीत बसून काढले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. बाकीच्यांनी सल्ले दिले, त्यांना काही तोटा नव्हता. फिरायला जा, मन रमव, लोकांना किती दुःखं असतात बघ.

काका आले, त्यांनी कुंडीत बोट घातलं आणि म्हणाले, "पाणी पाजून पाजून मारलंस हिला. आता चार दिवस काही करू नकोस." मला काही करू नकोस म्हणणारा तो पहिला माणूस. मी रडले. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, मेलेली पानं खुडत बसले. जाताना विचारलं, "गोळ्या घेतेस ना? चालू ठेव. झाड म्हणजे औषध नाही, उगाच कुणाचं ऐकू नकोस. उद्या साडेसहाला गच्चीवर ये."

गच्चीवर त्यांच्या दीडशे कुंड्या होत्या आणि एक नियम होता. एका कुंडीत बोट घालायचं, ओलं आलं तर पुढे, कोरडं आलं तर पाणी. त्या वेळी बोलायचं नाही आणि पुढच्या कुंडीकडे बघायचंही नाही. मी घाई केली की ते मागून म्हणत, "शांतीथी, सावकाश. हिचं झालं नाही अजून." तीन आठवडे त्यांनी मला झारीला हात लावू दिला नाही, नुसती बोटं घालायला लावली. मला राग यायचा. पण राग यायला लागला होता हेच खूप होतं, त्याआधी काहीच येत नव्हतं. मी बरी झाले असं म्हणणार नाही. जूनमध्ये शाळेत परत गेले, एवढं खरं.

रोपं ते सगळ्यांना वाटत. वॉचमनला, दूधवाल्याला, ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण झालं त्यांनाही. फक्त पश्चिमेच्या कठड्यालगतच्या दहा मोठ्या कुंड्यांमधलं काही कुणाला मिळत नसे. तिथे मोगरा होता, लिंबू होतं, कढीलिंब, अनंत, तुळस. एकदा मी पूजेसाठी अनंताचं फूल तोडायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ते आपलं नाही," म्हणाले.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाई गोड होत्या. मी काकांना आग्रहाने नेलं. माझ्या मते ते रोज गच्चीवर करत होते ते ध्यानच होतं. डोळे मिटले, बाई म्हणाल्या, "फक्त श्वासाकडे लक्ष द्या. हवा आत येते आहे, हवा बाहेर जाते आहे." शेजारी खुर्ची सरकली. मी डोळे उघडले तर काका भिंत धरून दाराकडे चालले होते, घामाने सदरा भिजला होता. लोकांना वाटलं, साखर कमी झाली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यांनी आपणहून सांगितलं, बोट मातीतच ठेवून. नंदेसरीत एका केमिकल कारखान्यात ते शिफ्टचे इनचार्ज होते. टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा तर आधी आतली हवा तपासायची आणि मग इनचार्जने परमिटवर सही करायची. हवा सकाळी तपासली होती. दुपारी पुन्हा तपासायला हवी होती. शिफ्ट संपली होती, कंपनीची बस हॉर्न देत होती. कनुभाई नावाचा कंत्राटी कामगार कागद घेऊन धावत आला. "मी बसच्या पायरीवर उभा राहून सही केली. त्याच्या पाठीवर कागद ठेवून," काका म्हणाले. "सुभानपुऱ्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा फोन आला. आत हवाच नव्हती." मग म्हणाले, "म्हणून मी श्वासाकडे बघत नाही. मातीकडे बघतो."

चौकशी झाली, त्यांना काही महिने घरी बसवलं, परत घेतलं, पुढे ते निवृत्त झाले. पण दर वर्षी त्या तारखेला ते कनुभाईच्या गावी, त्याच्या बायकोकडे एक रोप घेऊन जात. मंजुलाबेन दारातूनच म्हणत, "नथी जोईतुं." नको आहे. काका हात जोडत आणि रोप घेऊन परत येत. कठड्यालगतच्या कुंड्या त्या होत्या. तिने एक रोप ठेवून घेतलं तर मी सुटलो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्याखेरीज त्यांना आयुष्याकडून काही नको होतं, आणि तेवढं मिळत नव्हतं.

अकराव्या वर्षी गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांना गाडीतून नेलं. तगरीचं रोप होतं. फाटकाशी काका उभे राहिले, कारखान्यात साहेबांसमोर राहावं तसे ताठ. साठीच्या आतबाहेरची एक बाई दारात आली, तिने रोपाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. "नथी जोईतुं." काकांनी हात जोडले आणि वळले. ती मात्र दारातच उभी होती, आणि आमची गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

परतताना मी चिडून म्हटलं, "काका, तुम्ही काही बोलत का नाही तिच्याशी?"

"काय बोलू, बेटा? तोंड उघडलं की मला बसचा हॉर्न ऐकू येतो. झाडाने सांगावं."

"झाडं सांगत नसतात."

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले आणि तगर मांडीवर सावरून बसले. मीही विषय सोडला. तो सोडायला नको होता.

पुढचं वर्ष आलं नाही. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं. शेवटचे चार दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो ते सारखा काढून टाकायचे आणि नर्स रागवायची. ते तो का काढायचे, हे मला एकटीला माहीत होतं, आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. ते गेले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते.

सुरतेहून त्यांची मुलगी आली, तिने कुंड्या सोसायटीत वाटून टाकल्या. पश्चिमेच्या अकरा मी मागून घेतल्या. मग ती तारीख आली तशी मी तगर गाडीत घातली आणि एकटीच गेले. काका गेले, हे निदान त्या बाईला कळावं, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तिच्यावर राग होता. एक रोप ठेवून घेतलं असतं तर तिचं काय जाणार होतं?

मंजुलाबेन दारात आल्या, फाटकाशी मला एकटीला बघून म्हणाल्या, "साहेब नथी आव्या?" मी सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या. मला बस म्हणाल्या.

"झाडनुं हुं शुं करुं, बेन?" त्या म्हणाल्या. झाडाचं मी काय करू? दर वर्षी वाटायचं, या वर्षी हा माणूस रोप खाली ठेवेल, बसेल, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगेल. कंपनीची माणसं कागद घेऊन आली होती, पण दिवसभर कनुभाईबरोबर असलेलं कुणी आलं नव्हतं. "ए तो हाथ जोडीने जता रहेता," त्या म्हणाल्या. तो हात जोडून निघून जायचा. आणि सुरुवात मी का करायची?

मग माझ्या मोडक्या गुजरातीत मी सगळं सांगितलं. सकाळी तपासलेली हवा, बस, पायरी, पाठीवर ठेवलेला कागद. काही लपवलं नाही. त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही, डोळे पुसले नाहीत, काकांना शिवी दिली नाही. माझं संपल्यावर त्या पुढे झुकल्या आणि बारा वर्षं जपून ठेवलेला एकच प्रश्न त्यांनी विचारला.

"ते दिवसे एमणे खाधुं हतुं?" त्या दिवशी ते जेवले होते का? सकाळी घरात भांडण झालं होतं, डबा न घेताच कनुभाई निघून गेले होते.

काकांना माहीत असणार. सकाळपासून दोघं एकाच प्लांटवर होते.

"खबर नथी, बेन," मी म्हटलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मला अजून काही आठवेल म्हणून.