मिलिटरीच्या ट्रकाला हूक बसवला तेव्हा

मिलिटरीने लिलावात काढलेला ट्रक बाबांनी विकत आणला, तेव्हा अख्ख्या वाडीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बाबांचं म्हणणं साधं होतं. पावसाळ्याआधी होड्या ट्रॉलीवर चढवायच्या आणि ट्रकाने किनाऱ्यावरून वर ओढायच्या. फक्त त्या ट्रकाला ट्रॉली अडकवायचा हूकच नव्हता, विकायच्या आधी कोणीतरी काढून घेतला होता. आणि त्याचा गिअर गावात माझ्याशिवाय कोणालाच पडत नव्हता.

मला मस्कतच्या एका गॅरेजात नोकरी लागली होती. सोमवारी निघायचं होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हूक बसवून दी, मगे खंय व्हया थंय जा."

म्हटलं, दोन दिवसांचं काम. कसले दोन दिवस! ट्रक उंच, ट्रॉलीची दांडी बुटकी. हूक थेट चासीला लावला असता, तर ट्रॉलीचं नाक आभाळात गेलं असतं. म्हणून जाड प्लेट लावून हूक वीतभर खाली घ्यायचं ठरवलं. वेल्डर आला की लाईट जायची, लाईट आली की वेल्डर जेवायला जायचा. चासीला भोकं पाडताना तीन ड्रिलबिट मोडले, ते वेगळंच.

रविवारी दुपारी मी ट्रकाखाली उताणा, छातीवर ती मेली प्लेट, डोळ्यांत गंज. बोल्ट काही केल्या भोकात जात नव्हता. बाहेर बाबांचे फक्त पाय दिसत होते. "सावकाश रे, घाई कसली?" घाई कसली म्हणे! जीव नुसता घुसमटत होता. प्लेट फेकून द्यावी आणि तसंच ग्रीसच्या हातांनी पळत सुटावं, असं वाटत होतं.

संध्याकाळी शेवटचा नट आवळला. ट्रॉली अडकली. सुटलो बाबा, म्हणून मी हात पुसत उभा राहिलो, तर बाबांनी हूकासमोर नारळ ठेवलेला आणि वाडीतली चार माणसं गोळा केलेली. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसलंच काम सुरू होत नाही. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते तोंडात इतकं बसलेलं असतं, की पुढचा काय बोलतोय याकडे कोणाचं लक्ष नसतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक हूक बसयलो, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो माझो झील, तेका हयच ठेव. भायर खंय धाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मग कळलं, बाबांनी मुलासाठी काय मागितलं आणि मी कशाला हो म्हणालो ते. वेल्डर खाली मान घालून हसत होता. बाबा हसत नव्हते. नारळ फोडायला त्यांना तो तीन वेळा आपटावा लागला. माझ्या हातावर फुटलेल्या नारळाचं भकल ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

बाबांचा राग आला, अजून येतो. त्याहून जास्त माझ्या जिभेचा येतो. मी देवाबिवाला मानत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सोमवारी माझ्याने घराबाहेर पाऊल टाकवलं नाही. मस्कतचं काय झालं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, व्हिसा मिळाला नाही.